पीस, गळ आणि गळाला लागलेली माणसं

कोंबड्याचा माणसाला उपयोग काय, असं विचारलं तर आमच्या घरात उत्तर रस्सा-वड्यांच्या पलीकडे जाणार नाही. पिसं उकिरड्यावर. पण या उकिरड्यावरच्या पिसांना निदान अठराशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि त्यातलं एक प्रकरण थेट आपल्या सह्याद्रीत येऊन पोचतं.

मला घरी जिग बांधायचा नाद आहे हे नातेवाइकांना ठाऊक आहे (बायकोला जरा जास्तच ठाऊक आहे). बाकी मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. जिग म्हणजे डोक्याशी शिशाचा गोळा ओतलेला गळ. आमच्या कोकणात गळाला गरी म्हणतात. गरीच्या मागे पिसांचा झुपका बांधायचा, पाण्यात सोडायची आणि काठीला हलके झटके द्यायचे. शिशाचं डोकं खाली जातं, वर येतं, मागचं पीस उघडतं, मिटतं. माशाला वाटतं, काहीतरी खाण्यासारखं पळतंय. जिग या इंग्रजी शब्दाचा एक अर्थच मुळी उड्या मारत केलेला नाच असा आहे.

साहित्य म्हणाल तर गरी, दोरा, दोन प्रकारची पिसं आणि नेलपॉलिश. गरी छोट्या शेगड्यात घट्ट पकडायची. मागे 'माराबू'चा झुपका, साधारण गरीच्याच लांबीचा. फार लांब ठेवला तर मासा नुसती शेपटी ओढून पसार होतो. मग कोंबड्याच्या मानेचं लांब, निमुळतं पीस एका टोकाला बांधून गरीभोवती गुंडाळत न्यायचं. त्याचे तंतू बाटली धुवायच्या ब्रशासारखे चहूबाजूंनी उभे राहतात. शेवटी गाठ, गाठीवर नेलपॉलिश. दहा मिनिटांचं काम. माराबू हे खरं तर आफ्रिकेतल्या एका करकोच्याचं नाव, पण आज त्या नावाने मिळतात ती टर्की कोंबड्याची मऊ पिसं. इथे मिशिगनच्या तळ्यांत ब्लूगिल आणि क्रॅपी नावाचे मासे या दोन पिसांवर खूश असतात.

या जिगची थोरली बहीण म्हणजे 'फ्लाय'. तिला शिसं नाही, नुसती पिसं आणि दोरा. पाण्यावरच्या किड्याची नक्कल. लेखी इतिहास आहे तो हिचा. इसवी सन २०० च्या आसपास रोममध्ये एलियन नावाचा लेखक होऊन गेला. त्याने मॅसिडोनियातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की ते गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधतात. म्हणजे तेव्हाही कोंबडाच! पुढे १४९६ साली इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर एक छापील ग्रंथ आला, त्यात बारा फ्लाय बांधायची कृती आहे. साहित्य पुन्हा तेच, लोकर आणि आसपासच्या पक्ष्यांची पिसं.

मग आलं एकोणिसावं शतक आणि साहेबाचं साम्राज्य. जगभरातली जहाजं लंडनच्या बंदरात पिसं उतरवू लागली. ती मुख्यतः बायकांच्या टोप्यांसाठी. पण त्यातली काही सामन मासा धरणाऱ्या श्रीमंतांच्या हाती लागली. 'जॉक स्कॉट' नावाच्या प्रसिद्ध फ्लायमध्ये टूकनचं पीस आहे, चीनच्या सोनेरी फेझंटचं आहे, आणि दोन्ही बाजूंना डोळ्यासारखं बसवलेलं 'जंगल कॉक'चं आहे. १८९५ साली जॉर्ज केल्सनने 'द सामन फ्लाय' हे जाडजूड पुस्तक लिहून या थाटाला शास्त्राचा दर्जाच देऊन टाकला. गंमत म्हणजे या मंडळींच्या यादीत 'इंडियन क्रो' आहे, तो दक्षिण अमेरिकेतला. आणि जंगल कॉक, ज्याच्या नावात इंडियाचं नावही नाही, तो मात्र आपला. सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडा.

हा पक्षी भारतीय द्वीपकल्पाबाहेर रानात कुठेच सापडत नाही. नराच्या मानेवरच्या पिसांच्या मधल्या दांड्या जागोजागी पसरट होऊन त्यांचे पिवळट-पांढरे, मेणासारखे चकचकीत ठिपके झालेले असतात. हा ठिपका म्हणजे तयार डोळा. रंग देणं नको, काही नको. त्या डोळ्यापायी आपल्या रानातले कोंबडे स्कॉटलंडच्या नद्यांपर्यंत गेले.

आता यातली खरी मेख ऐका. अटलांटिक सामन समुद्रातून अंडी घालायला नदीत चढतो तेव्हा तो खातच नाही! तो फ्लायवर झडप का घालतो, याबद्दल नाना तर्क आहेत. पण त्याला टूकन आणि रानकोंबडा यांतला फरक कळत असेल, असं कुणी म्हणेल असं वाटत नाही. मग ती महागडी पिसं कुणासाठी होती? माशासाठी नक्कीच नव्हती. गळाला लागला होता तो काठी धरणारा.

पिसांच्या या हव्यासाविरुद्ध आवाज उठला तोही इंग्लंडमध्येच, आणि बायकांनी उठवला. १८८९ साली मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसनने काही मैत्रिणींना घेऊन पक्षी वाचवायची संस्था काढली. भारतात सरकारने १९०२ साली पक्ष्यांची पिसं आणि कातडी देशाबाहेर पाठवायला बंदी केली. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा व्हायला मात्र १९२१ साल उजाडलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण दिलं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे गावाकडच्या एका भावाचा प्रेमळ फोन. "अरे, वरच्या डोंगरात रानकोंबडे पहाटे ओरडतात. म्हणशील तर माझ्या माणसाला सांगतो. मानेची पिसं पाकिटात घालून पाठवतो, वजन ते किती!" दादा, वजन खरंच काही नाही. पण एका मानेची पिसं हवीत तर अख्खा कोंबडा जातो. कायद्याचं तर आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, इथल्या तळ्यातल्या वीतभर माशासाठी आपल्या डोंगरातली एक पहाट मुकी करायची? नको.

हा हव्यास संपलाय असंही नाही. २००९ साली लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एका अमेरिकन बासरीवाल्या पोराने ट्रिंगच्या संग्रहालयाची काच फोडून २९९ पक्ष्यांची कातडी पळवली, फ्लाय बांधणाऱ्यांना विकायला. आल्फ्रेड रसेल वॉलेसने दीडशे वर्षांपूर्वी जमवलेले पक्षीही त्यात होते. कित्येकांवरच्या चिठ्ठ्या त्याने कापून टाकल्या. पक्षी कुठून, कधी मिळाला हे सांगणारी चिठ्ठी गेली की शास्त्राच्या लेखी त्या कातड्याची किंमत जवळजवळ शून्य.

२०११ साली उलटा प्रकार झाला. अमेरिकेत पोरींनी केसांत कोंबड्याची लांब पिसं गुंफायची फॅशन काढली आणि मासेमारीच्या दुकानांतली पिसं ब्यूटी पार्लरवाल्यांनी उचलून नेली. मासेमार हवालदिल! शंभर वर्षांपूर्वी टोप्यांकडून फ्लायकडे आलेलं पीस पुन्हा डोक्यावर जाऊन बसलं.

आज ब्रिटनमध्ये पाळलेल्या राखाडी रानकोंबड्यांची पिसं कायदेशीरपणे मिळतात, नकली डोळेही मिळतात. मी मात्र शिशाच्या डोक्यावर नेलपॉलिशचा पांढरा ठिपका देतो आणि त्यात काडीने काळा. क्रॅपीने अजून तक्रार केलेली नाही.

आणि दादा, रानकोंबड्याचं काही हवंच असेल तर परसात बघ. आपला पाळीव कोंबडा मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आला, पण त्याच्या पिवळ्या पायांचा गुण मात्र राखाडी रानकोंबड्याकडून आलाय, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. तेव्हा पुढच्या वेळी वडे कराल तेव्हा त्या पिवळ्या पायाच्या कोंबड्याच्या मानेची पिसं तेवढी धुऊन, सावलीत वाळवून ठेव. मी येईन तेव्हा तिथेच बसून दोन गऱ्या बांधू आणि खाडीवर गरवायला जाऊ.