ठोक्याचा तंटा

कामकऱ्यास क्षणोक्षणी हाक मारून ‘जागा आहेस ना?’ असे विचारीत राहिले, तर काम वाढते की घटते? कामाचे तास आणि विश्रांती यांच्या वाटाघाटींत आमचे आयुष्य गेले. हाच तंटा संगणकाच्या पोटातही झाला होता. त्याची हकीकत श्रोत्यांपुढे ठेवण्याजोगी आहे.

कार्यप्रणाली ही संगणकाची कारभारीण होय. ठराविक अंतराने घड्याळाचा ठोका पडतो. प्रत्येक ठोक्यास प्रोसेसर हातचे काम थांबवितो, वेळेची नोंद करतो, कोणाची पाळी संपली ते पाहतो आणि पुन्हा कामास लागतो. ठोके विरळ असले तर हिशेब ढोबळ होतो. दाट असले तर हिशेबातच वेळ जातो.

१९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लायनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्स प्रणाली लिहावयास घेतली. साध्या पीसीवर तिचे सेकंदाला १०० ठोके पडत. पुढे यंत्रे वेगवान झाली आणि डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत ठोके १००० झाले. चित्र व संगीत अडखळू नये, प्रत्येक कामास नेमक्या क्षणी जाग यावी, हा हेतू रास्तच होता.

पण त्याची किंमत लॅपटॉपने मोजली. रिकामा प्रोसेसर झोपी जातो, तेव्हाच बॅटरी वाचते. काम नसताही सेकंदात १००० वेळा उठविले, तर गाढ झोप लागावी कशी? २००५ साली वाद पेटला. बॅटरीची चिंता वाहणारे १०० मागत. चित्र-संगीतवाले १००० सोडीनात. अखेर ऑगस्ट २००५ च्या २.६.१३ आवृत्तीत तडजोड झाली. १००, २५० वा १००० यांतून निवड करावी. न केल्यास २५० धरावे. मात्र ही निवड प्रणालीचा गाभा बांधतानाच करावयाची, आणि सामान्य माणसाच्या हाती तो तयारच येई. म्हणजे ज्याची बॅटरी, त्याचे मत कोणी विचारलेच नाही!

तडजोडीने भांडण मिटते, प्रश्न सुटतोच असे नाही. किती वेळा उठवावे, हा मूळ प्रश्न नव्हे. काम नसता उठवावेच कशाला, हा होय. थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोलनार प्रभृतींनी त्यास हात घातला. प्रोसेसर रिकामा होताच पुढचे काम केव्हा आहे ते पाहावे, त्या क्षणाचा गजर लावावा आणि मधले ठोके बंद ठेवावे. एप्रिल २००७ च्या २.६.२१ आवृत्तीत ही सोय प्रथम ३२ बिटांच्या पीसींसाठी आली.

तेव्हा दुसरेच बिंग फुटले. ठोका थांबला तरी प्रोसेसर झोपेना! मे २००७ मध्ये इंटेलने पॉवरटॉप नावाचे साधन खुले केले. कोणता प्रोग्रॅम किती वेळा झोपमोड करतो, याची यादीच ते पडद्यावर मांडी. विनाकारण डोकावणारे प्रोग्रॅम नावानिशी सापडले आणि त्यांचे कर्ते ते दुरुस्त करू लागले. कामगार चळवळीत आम्ही हेच शिकलो: गाऱ्हाणे आकड्यांत मांडले, म्हणजे त्यास उत्तर द्यावेच लागते.

काम चालू असता ठोका किती दाट असावा, यावर मतभेद राहतील, आणि ते राहावेत. कारण प्रत्येकाचे काम निराळे. पण रिकाम्या प्रोसेसरला झोपू द्यावे, याविषयी आता तंटा उरलेला नाही. यंत्रासाठी जे इतक्या लवकर मान्य झाले, ते माणसासाठी मागताना आमच्या पिढीला किती वर्षे लागली, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.