पोलादात कोरलेल्या गाड्या

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आज मराठी माणसं भरपूर आहेत. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांत नोकरीला गेलेली आपली मुलं, लेकी-जावई, तिथेच जन्मलेली नातवंडं. भारतीय टेंपलच्या आवारात उभं राहिलं की मराठी कानावर पडतंच. याच गावात, ईस्ट मेपल रोडवर, एएमटी ही कंपनी होती. अमेरिकन मसल कारच्या मॉडेल-किटांची गंगोत्री म्हणावी असा तो पत्ता. लेकीकडे राहायला गेलो तेव्हा मला तो एका जुन्या खोक्याच्या कडेवर छापलेला दिसला.

खोकं जावयाने जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणलं होतं. "बाबा, हे तुमच्या कामाचं आहे, बघा," म्हणाला. माझा जन्म भोसरीच्या टूलरूममध्ये गेला. प्लॅस्टिकचे मोल्ड बनवणं हाच धंदा. खोक्यात पांढऱ्या प्लॅस्टिकची गाडीची अख्खी बॉडी होती. छत, बाजू, पुढचे-मागचे मडगार्ड, खिडक्यांच्या चौकटी, सगळं एकसंध. बॉडीला चारी बाजूंनी आकार आहे, दारांच्या रेषा आहेत, हँडलं आहेत, म्हणजे वर-खाली उघडणाऱ्या साध्या मोल्डमधून ती सुटणं शक्य नाही. मी ती खिडकीपाशी नेली आणि पार्टिंग लाइन, म्हणजे मोल्डचे भाग जिथे मिळतात तिथली रेघ, शोधायला लागलो. मडगार्डच्या माथ्यावरून निघून मागच्या खांबावर चढणारी केसाएवढी बारीक रेघ सापडली आणि मोल्ड कसा उघडत असेल ते डोळ्यांपुढे आलं: पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना सरकणाऱ्या स्लाइड, आणि छताच्या पोटात कोअर. हे काम संगणक नसताना, हातावर झालेलं. त्या दिवसापासून मी या गाड्यांच्या मागे लागलो. मसल कारबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, पण तिच्या मॉडेलचा इतिहास मला टूलरूमच्या दारातून सांगायचा आहे, कारण तो घडला तिथेच.

मॉडेल बनवायचा नाद डेट्रॉइटने स्वतःच पोरांना लावला होता. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी 'क्राफ्ट्समन्स गिल्ड' ही स्पर्धा सुरू केली. आधी फिशरच्या बोधचिन्हातली नेपोलियनची बग्गी हुबेहूब बनवायची होती, नंतर स्वतःच्या कल्पनेतली मोटार. बक्षीस म्हणजे कॉलेजची शिष्यवृत्ती. १९६८ पर्यंत ही स्पर्धा चालली. १९४७ साली ती जिंकलेला चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. मला या स्पर्धेचं मोल वाटतं. कारागीर हवे असतील तर पोरवयातच हातात कानस द्यावी लागते, हे त्या लोकांना कळलं होतं.

किटांचा धंदा मात्र जाहिरातीतून जन्मला. वेस्ट गॅलॉगली या वकिलाने १९४८ मध्ये एएमटी काढली. नावाचा विस्तार 'अॅल्युमिनियम मॉडेल टॉइज', कारण पहिली मॉडेलं ओतीव अॅल्युमिनियमची होती, फोर्डच्या सेडानची, खऱ्या गाडीच्या रंगात रंगवलेली. फोर्डचे विक्रेते ती आपल्या शोरूममध्ये वापरत. अशा मॉडेलांना 'प्रोमो' म्हणतात. नवी गाडी बघायला बाप येई, बरोबर पोरगा असे, आणि पोराच्या हातात विक्रेता ही छोटी गाडी ठेवी. लवकरच अॅल्युमिनियमच्या जागी प्लॅस्टिक आलं. डेट्रॉइटमध्येच जॉन हॅन्लीची 'जो-हान' हेच काम क्रायस्लर, प्लिमथ, ओल्ड्समोबाइल यांच्यासाठी करू लागली.

सुरुवातीचं प्लॅस्टिक सेल्युलोज अॅसिटेट होतं. ते काळाबरोबर आकसतं, वाकतं. पन्नासच्या दशकातले प्रोमो आज बघा: छत खाली बसलेलं, पुढचं नाक वर उचललेलं. १९६० च्या सुमाराला पॉलिस्टायरिन आलं आणि तो प्रश्न मिटला. पॉलिस्टायरिनला बारीकसारीक रेघही नीट उचलता येते. आजही तेच वापरतात.

प्रोमोची खरी कसोटी होती वेळेची. अमेरिकेत नव्या वर्षाच्या गाड्या शरद ऋतूत बाजारात येत, आणि प्रोमो त्याच दिवशी शोरूममध्ये हवा असे. म्हणजे गाडी जगाने पाहायच्या कित्येक महिने आधी तिची ड्रॉइंग मॉडेलवाल्यांकडे पोचत. नमुनेकार लाकडात मोठा मास्टर कोरत, मग पँटोग्राफ मशीनवर त्याच्या अंगावरून सळई फिरवत नेली की दुसऱ्या टोकाचं कटर पोलादात तोच आकार लहान करून उतरवी. पँटोग्राफवर मीही काम केलंय. सळईचा हात जरा जड पडला की पोलादात खड्डा पडतो. त्यानंतरचं सगळं बाकावरचं: कानस, तेलदगड, पॉलिश पेपर, आणि निळा रंग लावून दोन भागांचं मॅचिंग. वर्षानुवर्षं, ऑगस्ट-सप्टेंबरची तारीख डोक्यावर घेऊन, हे काम झालं. करणाऱ्यांची नावं खोक्यावर कधी आली नाहीत.

१९५८ मध्ये एएमटीला सुचलं की तीच बॉडी सुट्या भागांसह खोक्यात घालून विकावी. त्यांनी एका किटमध्ये तीन गाड्या दिल्या: शोरूममधली, सजवलेली किंवा शर्यतीची, पोराला हवी ती जोडता येई. किंमत दीड डॉलरच्या आसपास. एकसंध बॉडीचं महत्त्व इथे कळतं. त्याआधी रेव्हेलसारख्या कंपन्यांच्या किटांत बॉडीच वेगवेगळ्या फळ्यांत येई, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती काटकोनात जोडणं जमत नसे. एएमटीने अवघड काम मोल्डमध्ये सोडवलं आणि मुलाला सोपं काम दिलं. चांगल्या टूलमेकरने हेच करायचं असतं. एएमटी सोडून बाहेर पडलेल्या जॉर्ज टोटेफने १९६३ मध्ये माउंट क्लेमेन्स इथे एमपीसी काढली, आणि मिशिगनमध्ये तीन कंपन्यांची चुरस लागली.

नेमकी त्याच वेळी मसल कार आली. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियॅकच्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन 'पर्याय' म्हणून बसवलं आणि त्याला जीटीओ नाव दिलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग आणली. मग शेव्हेल, कॅमेरो, चार्जर, रोड रनर अशी रांगच लागली. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत. आज त्याच रस्त्यावर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते; १९९५ पासूनची ही प्रथा. मी कडेला खुर्ची टाकून ती पाहिली आहे. ४२६ हेमी इंजिनाचा आवाज कानांआधी छातीत बसतो.

ज्या पोरांचं लायसन्सचं वय नव्हतं, त्यांच्यासाठी हीच गाडी वीस सेंटिमीटरची. पाच मीटर लांबीची १९७० ची शेव्हेल १:२५ मध्ये बरोबर तेवढी होते. मिशिगनच्या तिन्ही कंपन्यांनी १:२५ धरलं. शिकागोकडच्या मोनोग्रामचं माप १:२४, एका फुटाला अर्धा इंच. कपाटात दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक डोळ्यांना कळतो, आणि काही संग्राहक त्या कधी शेजारी ठेवत नाहीत.

आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. ही किटं 'अॅन्युअल' होती, दर वर्षीची. १९६५ ची गाडी १९६६ मध्ये थोडी बदलली तर नवा मोल्ड कोण करणार? जुन्याच मोल्डचं पोलाद कापायचं. टूलरूमचा साधा नियम आहे: पोलाद काढता येतं, घालता येत नाही. कॅव्हिटीत, म्हणजे मोल्डच्या पोकळीत, पोलाद काढलं की प्लॅस्टिक वाढतं. म्हणून बॉडीवर उंचवटा वाढवणं सोपं, कमी करणं महाकठीण. त्यासाठी वेल्डिंग करा, नाहीतर तेवढा भाग कापून नवा इन्सर्ट बसवा. जाळी, बंपर, दिवे हे सुटे भाग असल्यामुळे त्यांचं ठीक होतं. पण बॉडीच्या अंगावर एकदा १९६६ ची रेघ कोरली की १९६५ ची गाडी त्या पोलादातून कायमची गेली. एकाच पोलादात दोन वर्षं नांदू शकत नाहीत.

आणि मूळ गाडी पूर्णच बदलली की तो मोल्ड निकामी. मग सत्तरच्या सुमाराला एएमटीने असे मोल्ड शर्यतीच्या गाड्यांना जुंपले. १९६५ च्या शेव्हेलची चाकांवरची कमान मोठी कापली, आतल्या सीट गेल्या आणि 'मॉडिफाइड स्टॉकर' म्हणून ती पुन्हा विकली. धंद्याच्या दृष्टीने शहाणपण होतं, यात शंका नाही. मोल्डचा खर्च वसूल करायचा तर तो मशीनवर चढलाच पाहिजे. तरी ती कापलेली कमान बघताना मला वाईट वाटतं. कुणीतरी आठवडेच्या आठवडे बाकावर बसून ती गोलाई आणली होती.

खऱ्या मसल कारचा अंतही याच काळातला. विम्याचे हप्ते तरुणांना परवडेनासे झाले, १९७० च्या हवा-प्रदूषण कायद्याने इंजिनांचा जोर उतरवला, १९७३ च्या तेलबंदीने उरलंसुरलं संपवलं. मॉडेल कंपन्यांनी व्हॅनची किटं काढली, त्या चित्रपटांकडे वळल्या. एमपीसीला १९७७ च्या स्टार वॉर्सने हात दिला, १९७९ पासून टीव्हीवर उड्या मारणाऱ्या नारिंगी चार्जरनेही. पुढे एएमटी लेस्ने कंपनीकडे गेली, मग आयोवातल्या अर्टलकडे. एमपीसीही तिथेच पोचली. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एक झाल्या. जो-हान मागे पडली. ज्या मोल्डला पिढीजात सांभाळणारा टूलरूम नाही, त्याला गंज धरतो. जो-हानच्या बाबतीत तसं झालं याची मला हळहळ आहे, कारण १९७० च्या प्लिमथ सुपरबर्डचं, त्या उंच पंखाच्या गाडीचं, त्या काळातलं किट त्यांचंच.

संग्राहक म्हणून ज्याला मान आहे, तो न जोडलेल्या अॅन्युअलच्या मागे असतो, आणि त्याचं कारण वर सांगितलेलं पोलाद. ते वर्ष त्या मोल्डमधून पुन्हा निघणार नाही हे त्याला ठाऊक असतं. पण सीलबंद खोकं म्हणजे आतला माल शाबूत, असं नाही. जुन्या टायरच्या व्हिनाइलमध्ये ते मऊ ठेवणारं रसायन असतं. टायर पन्नास वर्षं पॉलिस्टायरिनला टेकून राहिला की ते रसायन त्यात उतरतं आणि प्लॅस्टिक वितळवतं. एका प्रदर्शनात विक्रेत्याने माझ्यासमोर खोकं उघडलं, तर काचेच्या भागात टायरची नक्षी खोल उमटलेली. म्हणून खोकं घरी आलं की टायर आधी वेगळ्या पिशवीत घालायचे, मग बाकीचं बघायचं.

मी जोडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पार्टिंग लाइन बाराशे नंबरच्या पेपरने काढावी, पाण्यात बुडवून. खिडकीभोवतीच्या क्रोमच्या पट्टीसाठी मागे गोंद असलेली, अगदी तलम धातूची वर्खी मिळते. ती पट्टीवर टाकायची, टूथपिकने कडेकडेने दाबत न्यायची आणि नव्या पात्याने, हात न उचलता कापायची. पातं जुनं असलं तर वर्खी फाटते. इंजिन व्ही-आठ असेल तर डिस्ट्रिब्युटरपासून आठ प्लगांपर्यंत आठ तारा ओढायच्या, आणि फायरिंग ऑर्डर बरोबर हवी. बॉनेट बंद केल्यावर त्या कुणाला दिसत नाहीत, हे कुणी म्हटलं की मला राग येतो. मुलं ट्यूबमधला गोंद हुंगू लागली होती, म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस इलिनॉयच्या टेस्टर्स कंपनीने त्यात मोहरीच्या तेलाचा अर्क घातला. नाकात झणका गेला की पोरगं ट्यूब खाली ठेवी.

आता इंडियानातली राउंड टू ही कंपनी एएमटी-एमपीसीचे उरलेले मोल्ड सांभाळते. दुरुस्त होतील ते दुरुस्त करते, आणि जे पोलाद कापून गेलं त्या गाड्या जुन्या नमुन्यावरून मोजून नव्या मोल्डमध्ये परत आणते. काही संग्राहकांना हे पसंत नाही; त्यांच्या कपाटातल्या खोक्याची किंमत उतरते. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. न जोडलेलं जुनं किट कुणाकडे असेल, तर त्याने ते आठवडाभर मोजायला द्यावं आणि परत कपाटात ठेवावं. नव्या मोल्डमधून निघालेली बॉडी मग दहा वर्षांच्या पोराला घेता येईल, आणि त्याला ती बिनधास्त कापता, रंगवता, चिकटवता येईल.