आठ मिलिमीटरचा बोल्ट

गेल्या तीन महिन्यांतले बहुतेक शनिवार मी एका भोकाकडे बघण्यात घालवले आहेत. भोक तळेगावला मामांच्या बुलेटच्या क्रँककेसमध्ये आहे. तिथे एक स्टड बसतो. म्हणजे बसायचा. मधल्या काळात कुणा मेकॅनिकने त्यात आठ मिलिमीटरचा बोल्ट ठोकून फिरवला आणि आतले आटे साफ झाले. मेकॅनिकला तरी किती बोलणार? यात रेडिच, मद्रास आणि भारत सरकार अशा तिघांचा हात आहे!

गाडी १९६७ची, ३५० सीसी. मामा वीज मंडळात होते. पावसाळ्यात लाइन तपासायला ते हिच्यावरून अंदर मावळात वडेश्वरच्याही पुढे जायचे. 'ऑफ-रोड' हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, कारण मुळात रोडच नव्हता. :-) आज आपण बुलेट म्हणजे महामार्गावर धडधडत जाणारी भारदस्त गाडी समजतो. पण मंडळी, तिचा जन्म चिखलातला आहे. मागच्या चाकाला स्प्रिंगचं सस्पेन्शन असलेली नवी बुलेट बाजारात येण्याआधीच रॉयल एनफिल्डने १९४८ साली इंग्लंडमधल्या ट्रायल्समध्ये, म्हणजे दगडधोंड्यांतून आणि ओढ्यांतून गाडी काढायच्या स्पर्धांत उतरवली. तोवर अशा स्पर्धांत मागे सस्पेन्शन नसलेल्या गाड्याच चालायच्या, त्यामुळे लोकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बुलेटवरच्या दोघांनी सुवर्णपदकं आणली. पुढे जॉनी ब्रिटनने स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल १९५२ आणि १९५७ अशी दोनदा रॉयल एनफिल्डवर जिंकली. आपल्या लष्कराने सीमेवर गस्तीसाठी हीच गाडी निवडली ती काही तिच्या आवाजावर भाळून नव्हे.

लष्कराच्या मागणीमुळे १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून 'एनफिल्ड इंडिया' काढली. तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आराखडे, साचे, मापं सगळं इंग्लंडहून आलं, आणि अर्थातच इंचात. आता तारखा बघा. डिसेंबर १९५६मध्ये आपल्याकडे वजन-मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली. म्हणजे सगळा देश इंच सोडत होता नेमका तेव्हाच मद्रासमध्ये एक कारखाना इंचात मोटारसायकल बनवायला शिकत होता.

ह्याचा त्रास काय, तर तो भोकात दिसतो. मूळ स्टड पाच-सोळांश इंचाचा, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट ८ मिलिमीटर. फरक डोळ्यांना दिसतच नाही. पण मूळ स्टडला इंचाला २६ आटे (जुनी सायकल थ्रेड), आणि आठच्या साध्या बोल्टला इंचाला साधारण २०. त्यामुळे तो दोन-तीन फेरे सहज आत जातो, मग अडतो. इथे माणसाने थांबायला हवं. पण आपण काय करतो? मोठा पाना आणतो. बोल्ट पोलादाचा, केस ॲल्युमिनियमची. कोण हरणार ते उघड आहे.

(पान्यांचीही तीच रड. विटवर्थच्या पान्यावर आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा, तोंडाचा नाही. 'पाव इंची' पान्याचं तोंड १३.३ मिलिमीटर! १३चा बसत नाही, १४चा नटाचे कोपरे खातो.)

नाना पेठेत विचारलं तर उत्तर सरळ होतं, "अख्खी केसच बदला ना साहेब." आणि सल्ला चुकीचा नाही. बुलेटच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. रेडिचचा कारखाना १९६७ला बंद पडला, इंग्लंडमधली कंपनी १९७०ला संपली, पण जुनं कास्ट आयर्नचं इंजिन मद्रासमध्ये २००९-१०च्या सुमारापर्यंत बनत राहिलं. आज ब्रिटनमधले हौशी लोक पन्नासच्या दशकातल्या बुलेट जुळवताना भारतात बनलेले पार्ट वापरतात. ज्यांनी शिकवलं तेच आता आपल्याकडून सुटे भाग नेतात.

पण केसवर इंजिन नंबर असतो, आणि तोच नंबर आरसी बुकात, मामांच्या नावापुढे. केस बदलली की आरटीओत नोंद बदलणं आलं. शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवायचं तर ती मूळ स्वरूपात हवी. आणि खरं सांगू का, केस बदलली तर ती मामांची गाडी उरते का, हाही प्रश्न होताच.

मग लोकलने पुणं, रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार. पाचव्या खेपेला गंजक्या ड्रिलांच्या पेटीत एक टॅप सापडला, त्यावर पुसट '५/१६' आणि '२६'. माझ्या चेहऱ्यावरचा आनंद विक्रेत्याला दिसला, त्यामुळे घासाघीस संपली. असो.

तळेगावातल्या लेथवाल्या काकांनी टॅप बघितला आणि म्हणाले, "हा कुठून उकरून काढलास? माझं मशीन इंचाचंच आहे, काळजी नको." मेट्रिक लेथवर इंची आटे नेमके पाडायचे तर १२७ दात्यांचं गिअर लागतं. कारण पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर, आणि १२७ ही मूळ संख्या, तिला लहान गिअरांत फोडता येत नाही. (आमच्या ऑफिसात ह्यावर तासभर चर्चा झाली. काम सोडून.) काकांच्या जुन्या लेथला ह्याची गरजच नव्हती. त्यांनी खराब भोक मोठं करून त्यात जाड बुश बसवला, बुशमध्ये त्या टॅपने आटे पाडले आणि स्टड लेथवर कापला.

"पान्याने नाही हं, हातानं फिरव," काका म्हणाले. स्टड चिमटीत धरून फिरवला. शेवटपर्यंत गेला.

मामा पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "एक स्टड बसला? बरं. अजून किती आहेत?"

मोजले नाहीत अजून.