धबधब्यावरून होडी : तीव्र उताराच्या ओढ्यांतील कयाकिंग

झाशीच्या ईशान्येस बेतवेच्या काठी वसलेल्या एरच या प्राचीन गावात प्रल्हादाची कथा आजही आवर्जून सांगितली जाते. हिरण्यकश्यपूने आपल्या पुत्राला डोंगरावरून बेतवेच्या डोहात लोटले, ते याच परिसरात, अशी स्थानिकांची श्रद्धा आहे. उंचावरून पाण्यात कोसळून सुखरूप बाहेर येणे हे आता एका साहसी खेळाचे अंग झाले आहे. तेथे भरवसा मात्र दैवावर नव्हे, काठावर उभे राहून केलेल्या निरीक्षणावर ठेवावा लागतो.

खुद्द एरचजवळ बेतवेचे पात्र रुंद आहे आणि हा खेळ तेथे खेळला जात नाही. नदीच्या वरच्या अंगाला, ओरछाच्या खडकाळ पात्रात, राफ्टिंगची सोय आहे. पण राफ्टिंग आणि उताराच्या ओढ्यातील कयाकिंग यांत मोठे अंतर आहे. रबरी तराफ्यात सहा-आठ जण एका मार्गदर्शकाच्या आज्ञेवर वल्ही मारतात. कयाकमध्ये एकच जण बसतो, हाती दुहेरी पात्याचे वल्हे असते आणि निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. अरुंद पात्र, किलोमीटरमागे सुमारे २० मीटर किंवा त्याहून अधिक उतार आणि एकामागून एक येणारे लहानमोठे धबधबे, असे या ओढ्यांचे सर्वसाधारण रूप असते. खळाळत्या पाण्याच्या काठिण्याच्या १ ते ६ अशा आंतरराष्ट्रीय श्रेणी आहेत. असे ओढे बहुधा ४ किंवा ५ या श्रेणींत मोडतात.

या खेळाला वेग मिळाला तो प्लॅस्टिकमुळे. १९७०च्या दशकापर्यंत वापरात असलेल्या फायबर ग्लासच्या होड्या खडकावर आपटताच फुटत. पॉलिथिलीनच्या होडीला खडकाचा मार सोसवतो. आजची ओढ्यातील कयाक सुमारे अडीच मीटर लांब, पोटाशी फुगीर आणि नाकाशी वर वळलेली असते. पाण्यात बुडालेले नाक लवकर वर यावे, हा त्यामागील हेतू.

धबधब्याच्या कडेवर पोहोचताच वल्ह्याचा एक जोरदार हात मारून नाक उचलायचे आणि होडी फेसाळ पाण्यापलीकडे सपाट टाकायची, या कृतीला ‘बूफ’ म्हणतात. होडीचे पोट पाण्यावर आपटताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडले. दोन-तीन मीटरच्या पायरीवर ही युक्ती जीव वाचवते. उंच धबधब्यावर मात्र तीच घातक ठरते, कारण सपाट आपटल्यास सारा आघात पाठीच्या कण्यावर येतो. तेथे होडीचे नाक खाली ठेवून पाण्यात शिरावे लागते. अमेरिकेचा टायलर ब्रॅट २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील पलूस धबधब्यावरून, सुमारे ५७ मीटर उंचीवरून, उतरला आणि जवळजवळ विनाइजा बाहेर आला. वल्हे तेवढे मोडले. दोन वर्षांनी, जेमतेम ३० मीटरच्या एका धबधब्यावर त्याचाच मणका मोडला. केवळ उंचीवरून धोका मोजता येत नाही, हे सांगायला दुसऱ्या उदाहरणाची गरज नाही.

भारतात या प्रकारच्या ओढ्यांसाठी केरळमधील कोळिकोड जिल्ह्याचे नाव प्रथम घेतले जाते. पश्चिम घाटातून उतरणाऱ्या चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या नद्यांवर २०१३ पासून भर पावसाळ्यात मलबार नदी महोत्सव भरू लागला. देशोदेशींचे कयाकपटू तेथे येतात.

मग सह्याद्रीत असे का नाही, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पाणी आहे, उतारही आहे. परंतु बेसाल्टच्या थरांनी बनलेल्या या डोंगराला पायऱ्या आहेत आणि पायरीवरून पडणारे पाणी पुष्कळदा शेकडो फूट खाली खडकावरच आदळते. खाली खोल डोह नसेल तर तो धबधबा होडीच्या कामाचा नाही. शिवाय घाटातील ओढा एका सरीसरशी फुगतो. सकाळी पाहून ठेवलेली वाट दुपारी उरत नाही.

महाराष्ट्रात खळाळत्या पाण्याचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे ती कोलाडची कुंडलिका. तिचे वर्षभर वाहणारे पाणी मुळशी धरणाचे. ते सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजगृहात उतरते आणि तेथून नदीला मिळते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ नंतर सत्याग्रह चालवला, त्याच्याच पाण्यावर आज राफ्ट तरंगतात. वीजनिर्मितीचे पाणी सुटले तर नदीला जोर, नाही तर नाही. येथील प्रवाह २ ते ३ श्रेणीचा, म्हणजे शिकाऊंना योग्य आहे.

अनुभवी कयाकपटू धबधब्यापेक्षा ज्याला अधिक भितात, ती गोष्ट मात्र आपल्या गावोगावी आहे. ती म्हणजे बंधारा. नैसर्गिक धबधब्याखाली पाणी उलटे फिरत असले तरी खडकांच्या ओबडधोबडपणामुळे कोठे तरी बाहेर पडण्याची वाट असते. बंधाऱ्यावरून पाणी काठापासून काठापर्यंत सारखे सांडते आणि पायथ्याशी तितकाच सलग, उलटा फिरणारा पट्टा तयार करते. त्यात सापडलेली वस्तू वर येते, पुन्हा भिंतीकडे ओढली जाते, पुन्हा खाली जाते. फेसात हवा मिसळलेली असल्याने पोहणाऱ्याला पाण्याचा आधारही पुरेसा मिळत नाही. वरून पाहणाऱ्याला मात्र मीटर-दीड मीटरची निरुपद्रवी पायरीच दिसते. सोडवण्यासाठी उडी घेणाराही त्याच पट्ट्यात अडकतो.

म्हणून या खेळातील पथके प्रत्येक पायरीआधी होडी काठाला लावतात, चालत जाऊन डोहाची खोली, अडकलेली झाडे आणि खडकाखालच्या पोकळ्या पाहतात. दोराची पिशवी घेतलेला एक जण खाली उभा राहतो, त्यानंतरच पहिली होडी सुटते. बंधारा आला की पाहणी करण्याचाही प्रश्न नसतो. होडी खांद्यावर घेऊन काठाने पुढे जायचे.