जुन्या टपालकार्डांतील आपला इतिहास

इतिहास म्हटला की किल्ले, लढाया, सनदा आणि ताम्रपट डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्यांनी राज्ये केली नाहीत, ज्यांच्या नावे कोणी इनाम लिहून दिले नाही, आणि ज्यांची गुजराण पिढ्यान्‌पिढ्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर झाली, त्या आपल्यासारख्यांच्या पूर्वजांचा इतिहास कोठे शोधावयाचा? आमच्या मते तो माजघरातील तारेला ओवलेल्या कार्डांत, दुकानातील बिलांत आणि लग्नाच्या पत्रिकांत शोधावयाचा. या कागदांस आपण रद्दी म्हणतो. ती रद्दी नव्हे, हे ज्ञातिबांधवांच्या व भगिनींच्या ध्यानी आणून देण्यासाठी हा लेख आहे.

आपले भंडारा गाव काही कालचे नव्हे. रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात 'भाणार' असा उल्लेख येतो, आणि तो आपल्या भंडाऱ्याचाच होय असे विद्वानांनी मानले आहे. 'भाणे' म्हणजे पितळी ताट, त्यावरून गावास हे नाव पडले असेही लोक सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, पितळेचे गाव म्हणून भंडाऱ्याची ख्याती दूरवर झाली एवढे निश्चित. मात्र शिलालेख एक आणि त्यानंतरची शतके अनेक. मधली पोकळी भरून काढावयाची तर कागदाखेरीज गत्यंतर नाही.

या बाबतीत आम्ही स्वतः निर्दोष नाही, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. आमच्या वडिलोपार्जित घरास एका दिवाळीत चुना देण्याचे निघाले, तेव्हा माजघरातील खुंटीवरच्या दोन तारा, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यासह आम्हीच आमच्या हाताने रद्दीवाल्यास तोलून दिल्या. एकेका तारेत दोनशेच्या वर कार्डे असावीत. जे पैसे आले त्यातून पणत्याही पुरत्या आल्या नाहीत. पुढे फडताळ हलविले तेव्हा त्यामागे गळून पडलेली एकोणीस कार्डे सापडली. ती वाचू लागलो आणि आपण काय विकून बसलो हे आम्हांस कळले.

कार्डाची मूळ कथा थोडक्यात अशी. जगातील पहिले टपालकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. आपल्या देशात ते १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. राणी व्हिक्टोरियाचे मुखचित्र आणि 'ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड' ही अक्षरे त्यावर असत. १८९९ मध्ये त्यातील 'ईस्ट' हा शब्द गळाला. सन १९२२ मध्ये किंमत अर्धा आणा झाली. एका पैशात हजार मैलांवर खुशाली कळविता येते ही गोष्ट त्या काळी नवलाची होती. तोपर्यंत गावाकडून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती निरोप धाडणारा सामान्य मनुष्य कार्डामुळे प्रथमच पत्र पाठविणारा झाला. राजेरजवाड्यांच्या पत्रव्यवहारास शतके लोटली असतील, परंतु आपल्यासारख्यांचा पत्रव्यवहार मुख्यतः या कार्डापासूनच सुरू होतो.

ज्या कागदावर तारीख नाही त्याचा काळ कसा ओळखावा, असे अनेकजण विचारतात. कार्ड असल्यास मुद्रांकावरील मुखचित्र पाहावे. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारली. त्यानंतर सातवा एडवर्ड, १९१० नंतर पाचवा जॉर्ज, आणि १९३६ च्या अखेरीस सहावा जॉर्ज गादीवर आला. बिल असल्यास पत्ता वाचावा. आपल्या जिल्ह्याइतकी राज्ये बदलणारे जिल्हे थोडेच असतील. 'सी. पी.' अथवा 'मध्यप्रांत' असेल तर कागद बहुधा इंग्रजी अमदानीतला. 'मध्यप्रदेश' असेल तर २६ जानेवारी १९५० नंतरचा. 'मुंबई राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा. 'महाराष्ट्र' असेल तर १ मे १९६० नंतरचा. आणि गोंदियाच्या पत्त्यावर 'जिल्हा गोंदिया' असेल तर १ मे १९९९ नंतरचा, कारण त्या दिवशी तो जिल्हा आपल्यापासून वेगळा झाला. एकाच ओट्यावर बसून एकाच दुकानदाराने तीन राज्यांत धंदा केला, ही गोष्ट त्याची बिले शेजारी शेजारी ठेवल्यावाचून ध्यानात येत नाही.

आणखीही खुणा आहेत. 'नवे पैसे' हा शब्द १ एप्रिल १९५७ पासून १९६४ च्या मध्यापर्यंतचा. शेर व मण जाऊन किलो आला तो १९५८ पासून, टप्प्याटप्प्याने. पत्त्यात पिनकोड असल्यास कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचा. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ व संस्कृत कवी होते, हेही येथे सांगावयास हवे. मात्र एक सावधगिरी बाळगावी. आपला व्यापारी काटकसरी. छापलेली बिले संपेपर्यंत तो जुन्या राज्याच्या नावावर शाईची रेघ ओढून काम भागवीत असे. यास्तव छापील अक्षरापेक्षा हाताने लिहिलेल्या अक्षरावर अधिक विश्वास ठेवावा.

आता आमच्या एकोणीस कार्डांकडे वळू. त्यांतील अकरा धंद्याची आहेत. अमुक इतक्या घागरी, इतके तांबे, इतकी पराती पाठवाव्या. मागील मालातील दोन घागरी ठेचल्या गेल्या, त्या वजा कराव्या. मोड घेऊन माणूस येत आहे, भाव राखावा. असा हा मजकूर रुक्ष दिसतो खरा. परंतु आपल्या आजोबांचे गिऱ्हाईक कोणत्या गावचे, उधारी किती महिन्यांची, आणि सचोटीचा शब्द किती जपला जाई, हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही मानपत्रातून कळत नाही.

उरलेल्यांत एक कार्ड आमच्या आत्याआजीचे आहे. त्यावर पाचव्या जॉर्जचे चित्र असून शिक्का १९३४ चा आहे. अक्षर वळणदार, कोणा मास्तरांच्या हातचे. 'तीर्थरूप दादांचे सेवेशी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष', मग येथील सर्व क्षेम, पाऊस बरा, जनावरे बरी, असे रीतसर लिहिले आहे. कार्ड उघडे, ते पोस्टमन वाचणार, सासरे वाचणार, शेजारीही वाचणार. तेव्हा दुसरे काय लिहावयाचे? परंतु अगदी खाली, शिक्क्याच्या कडेला, शिसपेन्सिलीने काढलेली वेडीवाकडी अक्षरे आहेत: 'बापूस धाडा'. बापू हा तिचा धाकटा भाऊ. आपल्या ज्ञातीत त्या काळी बायकांना अक्षर येत नव्हते असे आपण सभासंमेलनांतून सांगत आलो. हे दोन शब्द तिने कोठे व कोणाकडून शिकून घेतले असतील? बापू तिला आणावयास गेला की नाही, याचे उत्तर पुढच्या एखाद्या कार्डात असावयाचे. ते कार्ड आम्ही रद्दीत तोलले.

जुन्या कार्डांत एका प्रकारची उणीव सर्वत्र आढळते. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडण्याची रीत होती, आणि असे कार्ड वाचून होताच फाडून टाकीत. ते घरात ठेवीत नसत. यामुळे जन्म, मुंजी, सोयरिकी यांची नोंद घराघरांत सापडते, पण मृत्यूची सापडत नाही. वंशावळी जुळविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कागद मिळाला नाही म्हणून घटना घडलीच नाही असे मानू नये.

कार्डांप्रमाणेच इतर कागदही मोलाचे आहेत. आपल्या जिल्ह्यातील तेंदूपाने व विडीचा धंदा सर्वश्रुत आहे. विडीच्या कट्ट्यावरील रंगीत लेबल हा त्या त्या काळाचा आरसाच होय. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की झाडीपट्टीतील नाटकांची हस्तपत्रके गावोगाव वाटली जातात, आणि नाटक संपले की पायांखाली जातात. लग्नात वाटलेल्या छापील मंगलाष्टकांत वधूवरांसह दोन्ही घराण्यांची नावे ओवलेली असतात. या सर्वांस जपणारे मात्र थोडे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी वाई येथे मिळालेल्या कागदांवरून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे एकंदर बावीस खंड निघाले. वाळवीच्या व वाण्याच्या तावडीतून त्यांनी जे सोडविले त्यावर महाराष्ट्राचा इतिहास नव्याने लिहिला गेला. त्यांच्या पायधुळीशीही आमची बरोबरी नाही. परंतु त्यांनी प्रांतासाठी जे केले ते आपण आपल्या घरापुरते करू शकणार नाही काय?

विलंब करण्यास आता सवड नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस आलेला पूर आपल्यापैकी कित्येकांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पाहिला. धान्य पुन्हा पिकले, भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. पेटीतले कागद मात्र लगदा होऊन गेले ते गेलेच. गोसीखुर्द धरणाखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्या गावाचे नाव त्या मूळ ठिकाणासह आज कदाचित एखाद्या जुन्या कार्डाच्या पत्त्यावरच उरले असेल.

यास्तव आमची विनंती एवढीच. कागद लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये, त्यांवर शाईने काही लिहू नये. कोरड्या मऊ कापडाने धूळ झटकून, स्वच्छ कागदी पाकिटात घालून, जमिनीपासून उंच जागी ते ठेवावे. मोडीतील मजकूर घरातील अथवा ओळखीच्या वडीलधाऱ्यांकडून आजच वाचवून घ्यावा, कारण मोडी वाचणारे आता थोडे राहिले. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोबाईलवर घ्यावे, आणि त्यातील माणसे कोण हे वडील मंडळींस विचारून वहीत टिपावे. खाजगी मजकूर असल्यास तो घरातच राहू द्यावा. प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर आणण्याची जरुरी नाही.

येत्या दिवाळीत आपल्या घरांस पुन्हा रंग लागेल आणि दारी रद्दीवाला येईल. त्याच्या तागडीत गठ्ठा टाकण्यापूर्वी बंधुभगिनींनी तो एकवार उलगडून पाहावा. कोणाच्या तरी आत्याआजीने पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द त्यात असतील. लोभ असावा, ही विनंती.