डायलिसिसवरील रुग्णांचा रक्तदाब : आधी मीठ व पाणी, मग गोळी

मूत्रपिंडे निकामी झाल्याने डायलिसिस घेणाऱ्या बहुतांश रुग्णांना उच्च रक्तदाब असतो. शरीरात साठणारे मीठ व पाणी हे त्याचे प्रमुख कारण असल्याने केवळ गोळ्या वाढवून तो आटोक्यात येत नाही. दुर्लक्ष झाल्यास हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो.

निरोगी मूत्रपिंडांचे अहोरात्र चालणारे काम यंत्राला साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तासांत करावे लागते. मधल्या काळात पाणी साठून वजन व रक्तदाब वाढतो. जादा पाणी काढल्यावर सूज वा धाप राहत नाही आणि रक्तदाबही फार उतरत नाही, अशा वेळच्या वजनाला ‘ड्राय वेट’ म्हणतात. ते वेळोवेळी तपासून ठरवावे लागते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १५० रुग्णांपैकी १०० जणांचे ड्राय वेट, औषधे न वाढवता, टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले. आठ आठवड्यांनी त्यांचा वरचा रक्तदाब इतरांच्या तुलनेत सुमारे ७ अंकांनी अधिक उतरला होता.

मिठामुळे तहान वाढते. त्यामुळे मीठ कमी न करता केवळ पाणी तोडणे रुग्णाला जमत नाही. दिवसभरातील एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका लहान चमच्यापेक्षा, कमी असावे. पापड, लोणचे व फरसाण टाळावे. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. ते या रुग्णांच्या हृदयाला घातक ठरू शकते.

फार पाणी घाईने काढल्यास पायात गोळे येतात व रक्तदाब एकाएकी घसरतो. अशा वेळी डायलिसिसचा कालावधी वाढविणे हितावह ठरते. वेळेआधी यंत्रावरून उठणे मात्र टाळावे.

अॅटेनोलॉलसारखी काही औषधे डायलिसिसमध्ये रक्तातून निघून जातात, अॅम्लोडिपिन मात्र निघून जात नाही. म्हणून गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. रक्तवाढीसाठी दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनानेही रक्तदाब वाढू शकतो.

केंद्रातील नोंदीइतकीच घरची नोंदही महत्त्वाची आहे. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहावा. फिस्टुला असलेल्या हातावर तो कधीही मोजू नये. धाप लागणे, छातीत दुखणे किंवा तीव्र डोकेदुखी जाणवल्यास पुढील डायलिसिसची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.