टिळकांचे वकील आणि राजद्रोहाचे कलम

टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला म्हटला की 1908 आणि मंडाले आठवते. त्याच्या आधीची आणि नंतरची हकिकत क्वचितच सांगितली जाते.

1897 साली अटकेतल्या टिळकांना मुंबई हायकोर्टात जामीन दिला तो न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजींनी. टिळकांच्या वतीने उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. 1908 मध्ये हेच दावर न्यायासनावर होते. बॅरिस्टर जिनांनी टिळकांसाठी जामीन मागितला, तो दावरांनी नाकारला आणि पुढे सहा वर्षांची शिक्षाही त्यांनीच सुनावली.

1916 मध्ये बेळगाव व अहमदनगरच्या स्वराज्यावरील भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून 20,000 रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी 10,000 रुपयांचे दोन जामीनदार मागितले. जिना पुन्हा उभे राहिले. नोकरशाहीवर टीका करणे हा सरकारशी द्रोह नव्हे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. न्यायमूर्ती बॅचलर आणि शाह यांनी सुटी वाक्ये न उचलता भाषणे सलग वाचली आणि 9 नोव्हेंबरला तो हुकूम रद्द केला.

जिनांच्या नंतरच्या राजकारणाशी आपले भांडण आहे आणि राहील. म्हणून हायकोर्टातला तो दिवस पुसून टाकायचे कारण नाही. राजद्रोहाचे कलम 124-अ स्वातंत्र्यानंतरही कायम राहिले. अधिकाऱ्यावर टीका केली की देशद्रोही ठरवणाऱ्यांना उत्तर हवे असेल, तर ते टिळकांच्याच खटल्यात सापडते.